पडवी आणि गॅरेज



आपल्या या पत्रिकेत सणावारांचे, प्रार्थनालयांचे व वडीलधाऱ्यांच्या आठवणींचे लेख आपण नेहमी वाचता. आज आम्ही मोटार ठेवण्याच्या जागेवर, म्हणजे गॅरेजवर, लिहीत आहोत हे पाहून कित्येकांस हसू येईल. ते स्वाभाविकच आहे. परंतु हसून झाल्यावर लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे. ज्यांच्या घरास गॅरेज जोडलेले आहे आणि ज्यांच्या घरी वृद्ध मातापिता आहेत, त्यांनी तर तो अवश्य वाचावा.

आम्ही २००४ साली मुंबईहून न्यू जर्सीस आलो. मुंबईत अध्यापक विद्यालयातून शिक्षण घेऊन आम्ही काही वर्षे मराठी शाळेत गणित शिकविले. येथेही शिक्षकाचाच पेशा आहे. बरीच वर्षे भाड्याच्या जागेत काढल्यावर दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, नव्याने बांधलेले एक घर घेण्याचा योग आला. घरास लागूनच दोन मोटारींचे गॅरेज. त्याचे दार १६ फूट रुंद व ७ फूट उंच. कळ दाबताच आपोआप वर सरकणारे. गॅरेजच्या माथ्यावर एक खोली होती. सकाळचे ऊन येते म्हणून आमच्या ८१ वर्षांच्या आईने तीच खोली पसंत केली.

आमच्या आजोबांच्या कोकणातील घरास पडवी होती. जळाऊ लाकडे, कोयते, टोपल्या, पावसाळ्यातील इरली, सारे तेथे असे. गॅरेज पाहताच आई म्हणाली, "ही तर आपली पडवीच!" झाले! त्या दिवसापासून आमच्या घरात 'पडवीत ठेव' हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाऊ लागले. रिकामी खोकी, मुलाची जुनी सायकल, तांदळाच्या गोण्या, रंगाचे डबे, गवत कापण्याचे यंत्र व त्याच्या पेट्रोलचा डबा, सुक्कोथच्या मांडवाच्या दांड्या, पेसाहची भांडी, सारे तेथे जाऊन पडले. मासळी व खवलेला नारळ साठविण्यासाठी सौ.ने जुना फ्रिजही तेथेच ठेवविला. शेवटी एका कोपऱ्यात आमच्या कैलासवासी वडिलांची पत्र्याची काळी ट्रंक ठेवली. त्यांचे नाव तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले आहे. दिवाळीच्या सुमारास पाहतो तो दोन मोटारींच्या गॅरेजात कशीबशी एक मोटार मावत होती.

जानेवारीतील एका सकाळी कडाक्याची थंडी होती. चिरंजीव कॉलेजास जावयास निघाला. मोटार तापावी म्हणून त्याने ती गॅरेजातच चालू केली. बाहेर बोचरा वारा असल्यामुळे मोठे दार कंबरेइतकेच उघडले आणि तो आत येऊन चहा घेत बसला. एक फोन आला, बोलणे लांबले, आणि वीस-पंचवीस मिनिटे निघून गेली. इतक्यात माडीवरील सूचक घंटा कर्कश आवाजात वाजू लागली. आम्ही धावत वर गेलो. आई पलंगावर बसून कपाळ दाबीत होती. "डोकं जड झालंय रे," एवढेच ती म्हणाली. तिला शालीत गुंडाळून आम्ही सर्व जण बाहेर आलो व अग्निशामक दलास बोलाविले. त्यांनी यंत्राने हवा मोजली. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले ते आईच्या खोलीत.

हा वायू डोळ्यांस दिसत नाही व त्यास वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. त्यामुळे मनुष्य श्वास घेत असतानाच गुदमरतो. परमेश्वराच्या कृपेने आई दवाखान्यातून त्याच दिवशी सुखरूप परत आली. परंतु अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्याचे शब्द आमच्या मनातून जात नाहीत. तो म्हणाला, "मोठे दार उघडे ठेवले म्हणजे धोका टळला, असा बहुतेकांचा समज असतो. तो खोटा आहे. घरास जोडलेल्या गॅरेजात मोटार चालू करावी ती बाहेर काढण्यासाठीच."

पडवी आणि गॅरेज यांतील भेद आम्हांस त्या दिवशी कळला. पडवी उघडी असते. तेथून वारा सतत वाहतो. गॅरेज चहूबाजूंनी बंद असते, आणि त्याची हवा फटीफटींतून घरातच शिरते. नाव सारखे दिले म्हणून वस्तू सारखी होत नाही.

त्याच आठवड्यात एका जाणत्या कारागिरास बोलाविले. घर बांधणाऱ्याने छतातून नळ व तारा वर नेताना भोके पाडली होती आणि ती तशीच सोडून दिली होती. त्यांतून आमच्या आईच्या खोलीत हवा जात होती. गॅरेजातून घरात येणारे दारही नीट मिटत नव्हते. कारागिराने सर्व भोके अग्निरोधक लांबीने बुजविली. जिप्समचे तक्ते जेथे उघडे पडले होते तेथे, माथ्यावर खोली असल्यामुळे, ५/८ इंच जाडीचे अग्निरोधक तक्ते बसविले. आतले दार बदलून २० मिनिटे आग अडवील असे प्रमाणित दार लावले. त्याच्या चौकटीस रबरी पट्टी बसविली आणि बिजागऱ्या स्प्रिंगच्या घेतल्या, म्हणजे हात सोडताच दार आपोआप मिटते. नव्या चौकटीवर मेझुझा लावली तेव्हा आईने बोटे टेकवून चुंबन घेतले आणि दार स्वतः दोनदा उघडून, सोडून पाहिले. सूचक यंत्रे माडीवर व तळमजल्यावर झोपण्याच्या खोल्यांबाहेर लावली आहेत. ती कायमची नसतात. पाच ते दहा वर्षांत, बनविणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीनुसार, बदलावी लागतात.

आता राहिला पसारा. अध्यापक विद्यालयात आम्हांस शिकविले होते, की पाठ घेण्यापूर्वी टाचण काढावे आणि सोप्याकडून कठिणाकडे जावे. त्याप्रमाणे आम्ही एका रविवारी वही घेऊन बसलो व प्रत्येक वस्तूस एकच प्रश्न विचारला: हिला न्यू जर्सीची थंडी, उन्हाळा आणि दमट हवा सोसेल काय?

सोसणाऱ्या वस्तू पुष्कळ निघाल्या. बर्फ उपसण्याचे फावडे, सायकल, सुक्कोथच्या दांड्या व बागेची हत्यारे यांच्यासाठी भिंतीवर मांडण्या केल्या. येथील भिंतीत लाकडी खांब साधारणतः १६ इंचांच्या अंतराने असतात. मांडणीचे स्क्रू त्या खांबांतच जावयास हवेत. नुसत्या तक्त्यात ठोकलेली मांडणी वजनाने उपटून येते. पेसाहची भांडी झाकणाच्या डब्यांत भरून, वर मराठीत व इंग्रजीत नावे लिहून, सर्वांत वरच्या फळीवर ठेवली.

न सोसणाऱ्या वस्तू पाहून मात्र आमचेच आम्हांस नवल वाटले. तांदळाच्या गोणीस उंदरांनी भोक पाडले होते. पाण्यात कालविलेला रंग थंडीने गोठून फुटला होता. फ्रिजची गंमत तर गणिताच्या शिक्षकानेही ध्यानात ठेवावी अशी. बाहेर कडाक्याची थंडी पडली की फ्रिजच्या खालच्या कप्प्यास वाटते, आपण पुरेसे थंड आहोत. मग यंत्र चालूच होत नाही, आणि वरच्या कप्प्यातील बर्फ वितळते. सौ.ची मासळी अशीच वाया गेली होती. फ्रिज आम्ही देऊन टाकला. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते व ठिणगी शोधते. म्हणून तो डबा अंगणातील वेगळ्या खोपट्यात गेला. स्वयंपाकाच्या शेगडीचा प्रोपेन सिलिंडर तर गॅरेजात कधीच ठेवू नये. तो घराबाहेर, उघड्यावर असावा.

जमीन रिकामी झाल्यावर ती रंगविण्याचे ठरले. रस्त्यांवर टाकलेले मीठ चाकांबरोबर आत येते व काँक्रीट खाते. इपॉक्सीच्या थराने ते वाचते. परंतु खालून ओल येत असेल तर थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्याची परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी जमिनीस चिकटवून एक दिवस ठेवावे. खाली पाणी साचले किंवा जमीन काळवंडली तर रंगाची घाई करू नये.

मोठ्या दाराविषयीही दोन शब्द लिहितो. त्याच्या माथ्यावरील पोलादी स्प्रिंगमध्ये प्रचंड ताण असतो; तिच्या वाटेस स्वतः जाऊ नये, जाणकारासच बोलवावे. १९९३ पासून या देशात बनलेल्या विजेच्या दारांस अडथळा ओळखून परत वर जाण्याची सोय आवश्यक आहे. महिन्यातून एकदा दीड इंच जाडीचे फळकूट दाराखाली आडवे ठेवून दार लावून पाहावे. फळकुटास टेकताच ते उलटे वर गेले पाहिजे. न गेल्यास ते दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, विशेषतः नातवंडे घरी येत असतील तर.

सर्वांत शेवटी, पेसाहच्या, म्हणजे आपले पूर्वज ज्यास 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत त्या सणाच्या, दोन आठवडे आधी आम्ही ट्रंकेपाशी पोहोचलो. ट्रंक उघडताच बुरशीचा वास आला. एका दमट उन्हाळ्याने आणि एका हिवाळ्याने आपले काम केले होते. आईवडिलांची केतुबा वरच्या बाजूस, कापडात असल्याने वाचली. प्रार्थनापुस्तकांच्या पाठींना बुरशी लागली होती. आणि तळाशी वडिलांची कीर्तनाची वही होती. वडील तरुणपणी रेल्वेतील नोकरी सांभाळून समाजातील कीर्तनांत साथ करीत. योसेफाचे व मोशेचे आख्यान त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवून घेतले होते. वहीची पंधरा-वीस पाने एकमेकांस चिकटली होती आणि शाई फुटून निळे डाग उरले होते.

आई खुर्चीवर बसून पाहत होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांचं अक्षर तू मोटारीशेजारी ठेवलंस होय?"

वाचकहो, ३० वर्षे आम्ही मुलांच्या वह्या तपासीत आलो आहोत. परंतु या वाक्यास उत्तर आमच्यापाशी नव्हते. जो धूर घरात यावयास नको तो आम्ही आत येऊ दिला, आणि जे घरात असावयास हवे ते बाहेर ठेविले. दोन्ही चुकांचे मूळ एकच: हाताशी एक मोठी जागा आली, तेव्हा काय कोठे ठेवावे याचा विचार करण्याचे कष्टच आम्ही सोडून दिले.

वही आम्ही उन्हात वाळविली नाही; उन्हाने कागद ठिसूळ होतो व शाई उडते. घरात सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर पाने सुटी होऊ दिली. कोरडी झालेली बुरशी घराबाहेर नेऊन, तोंडावर फडके बांधून, मऊ ब्रशाने झाडली. आता ती वही, केतुबा व छायाचित्रे आम्लविरहित कागदाच्या पेटीत, माजघरातील कपाटात आहेत. कागदपत्रांना गॅरेज, तळघर व पोटमाळा या तिन्ही जागा वर्ज्य समजाव्या. माणसास जी हवा सुखाची, तीच कागदास सुखाची.

गेलेल्या पानांपैकी काही कडवी आईस पाठ आहेत. शब्बाथ उतरल्यावर ती म्हणते आणि चिरंजीव लिहून घेतो. त्यास मराठी बोलता येते, परंतु लिहिता येत नव्हते; या निमित्ताने तो बाराखडी गिरवू लागला आहे. त्याची वेलांटी अद्याप चुकते. सर्व काही परत मिळणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. योसेफाच्या आख्यानाचा शेवट आईसही आठवत नाही. आपणांपैकी कोणाच्या घरी अशी जुनी वही असेल तर कृपया कळवावे.

आता गॅरेजात दोन्ही मोटारी मावतात. परंतु आमची विनंती मोटारींसाठी नाही. येत्या रविवारी आपण आपल्या गॅरेजात पाच मिनिटे उभे राहावे. घरात येणारे दार आपोआप घट्ट मिटते काय, हे पाहावे. माडीवरील सूचक यंत्राची कळ दाबून ते वाजते काय, हे ऐकावे. आणि कोपऱ्यात एखादी जुनी ट्रंक असेल, तर ती त्याच दिवशी उचलून घरात आणावी.