ऋण गुणिले ऋण

माण तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आधी कानात शिरायचं. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, सगळं एका सुरात. सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी बाई शाळा भरायच्या आधी तासभर शिकवायच्या, एक पैसा न घेता. तिथे एकदा मी विचारलं, "बाई, ऋण गुणिले ऋण धन का?"

बाई थांबल्या. "नियम मला ठाऊक आहे. का, ते उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळी उतरल्या. ऋण ३ गुणिले २, ऋण ६. गुणिले १, ऋण ३. गुणिले ०, शून्य. "उत्तर दर ओळीला तीनने वाढतंय. आता ऋण १ ने गुण." तीन! मी ओरडलोच.

पुढे गणित शिकायला जर्मनीत ग्योटिंगेनला गेलो. तिथे व्याख्यान संपलं की मुलं बाकांवर टकटक करून दाद देत. पण खरी शिकवण दर आठवड्याच्या गणितांच्या कागदावर. त्यात निम्मे गुण मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. पहिल्याच कागदावर प्रश्न होता: रिंगच्या, म्हणजे बेरीज-गुणाकाराच्या मूळ, नियमांवरून सिद्ध करा, ऋण गुणिले ऋण धन. (याच गावात लिहिलेला रिंगांवरचा पायाभूत निबंध गणितज्ञ एमी नोएथर यांनी १९२१ साली प्रसिद्ध केला.) मी नियम तेवढा लिहून आलो. शून्य गुण, आणि समासात एकच शब्द: "वारुम?" का?

कागद तपासणारा विद्यार्थी माझ्याहून दोन वर्षं पुढचा. तास संपल्यावर तो माझ्यासाठी थांबला. उत्तर सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "शून्याबद्दल तुला काय माहीत आहे?"

मला बाईंची शून्याची ओळ आठवली. संख्या आणि तिची विरुद्ध संख्या यांची बेरीज शून्य; त्या बेरजेला ऋण संख्येने गुणायचं, कंस सोडवायचा. सिद्धता तिथूनच निघाली.

पाठांतराला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. ती ओळ पाठ होती म्हणून हाताशी आली. साठ मुलांच्या वर्गात बाईंकडे वेळ नव्हता, तरी माझ्या एका प्रश्नासाठी त्यांनी घरची संध्याकाळ दिली होती.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा कॅलेंडरच्या मागे ती सिद्धता बाईंना लिहून दाखवली. चष्मा सावरून त्यांनी ती सावकाश वाचली, मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही कशी आली रे?"