रानातली काळी भिंत

संगमनेरकडच्या आमच्या रानात काळ्या दगडाची एक भिंत आहे; म्हणजे रान आता आमचे नाही, भिंत आहे. आजी सांगे, ही पांडवांनी एका रात्रीत बांधली, कोंबडा आरवला म्हणून अर्धीच राहिली. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला एवढे भूशास्त्र पुरत होते.

गेल्या दिवाळीत भूशास्त्र शिकणारा भाचा सावेडीला आला आणि मला तिथे घेऊन गेला. "मामा, ही कुणी बांधली नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून दख्खनचे पठार झाले. थरांना भेगा पडल्या, त्यांत तप्त रस घुसला नि तिथेच थिजला. भोवतालचा दगड झिजला, हा टिकला." संगमनेर भागात अशा भिंती पुष्कळ आहेत म्हणे. दगडातल्या पोटॅशियमपासून किती आर्गॉन झाला ते मोजून त्यांचे वय काढतात.

मला नवल वाटले ते पुढचे. दगडात लोहचुंबकाचे बारीक कण असतात. निवताना उष्णता ५८० अंशांखाली उतरली, की पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकत्वाची दिशा त्यांच्यात कायमची उमटते. आपल्याकडच्या पुष्कळ थरांत ती उलटी आहे. तेव्हा होकायंत्र असते तर त्याची उत्तरेची सुई दक्षिणेला वळली असती! आणि त्या दिशेचा कल पाहावा, तर हा सारा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असे निघते.

भाच्याने भिंतीत भोक पाडले, पण आतली बोटभर कांडी सुटण्याआधी तिच्यावर उत्तरेची खूण केली.

"खूण न करता उपटली तर?"

"चुंबकत्व राहते, मामा. दिशा जाते."

मला आमची पायरी आठवली. दोन वर्षांपूर्वी रान आणि वाडा विकायला अण्णांना मीच राजी केले. त्यांची अट एकच होती: भिंतीतला एक धोंडा बरोबर न्यायचा. तो सावेडीच्या घराची पायरी झाला. अण्णा मात्र अजून रात्री उठले की वाड्याचे दार जिकडे होते तिकडे चालू लागतात आणि कपाटावर आदळतात. मी दिवा लावतो. दोघेही काही बोलत नाही.

परतल्यावर भाच्याने पायरीजवळ होकायंत्र धरले. सुई किंचित हलली. अण्णा खुर्चीवरून पाहत होते.

"संगमनेर कोणीकडे रे?"

भाचा होकायंत्र घेऊन अंगणात गेला आणि त्याने वायव्येला हात केला. "तिकडे, आजोबा."

तेव्हापासून अण्णांची खुर्ची तिकडे वळली आहे. समोर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीखेरीज काही दिसत नाही. सकाळचा चहा मी आता तिथेच नेऊन देतो.