खंगर विटांची अक्षरे

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाची न्यू जर्सी बहुधा एडिसनच्या आसपास सुरू होते आणि तिथेच संपते. माझीही अनेक वर्षे तशीच होती. राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, डेलावेअर नदीकाठच्या खाऱ्या दलदलीला लागून असलेल्या सेलम काउंटीत मी गेले ती एक भिंत पाहण्यासाठी. सपाट शेते, पाणथळीतले उंच गवत आणि क्षितिजावर अणुवीज केंद्राचा धुराड्यासारखा प्रचंड मनोरा. अशा या मुलखात ॲलोवे नावाच्या खाडीवर हॅन्कॉक्स ब्रिज हे लहानसे गाव आहे. तिथे रस्त्यालगत हॅन्कॉक कुटुंबाचे शेतघर उभे आहे.

समोरून पाहिले तर घर साधे आहे. विटांचे दोन मजले, आणि भिंतीवर पाऊस येऊ नये म्हणून त्या दोन मजल्यांच्या मध्ये काढलेली अरुंद छपरी. पण कडेला वळून छपराच्या टोकापर्यंत निमुळत्या होत गेलेल्या भिंतीसमोर उभे राहिले की डोळे विस्फारतात. लाल भिंतीवर निळसर-करड्या विटांच्या कोनदार रेघा वरून खाली उतरत गेल्या आहेत, एखाद्या घोंगडीची वीण असावी तशा. आणि त्यांच्या वर, आढ्याखाली, विटांनीच लिहिले आहे: डब्ल्यू, एच, एस आणि १७३४.

ही निळाई रंगाची नव्हे. त्या काळी विटा लाकडाच्या जाळावर भाजत. जाळाच्या अगदी जवळ असलेल्या विटांवर लाकडातला क्षार वाफेबरोबर येऊन बसे आणि मातीतल्या वाळूशी वितळून त्याची काच होई. आपल्याकडे अशा प्रमाणाबाहेर भाजलेल्या विटेला खंगर म्हणतात, आणि ती बहुधा भरावात जाते. इथल्या गवंड्यांनी मात्र त्याच विटा निवडून बाजूला ठेवल्या. एक वीट लांबीने आणि पुढची डोक्याने बसवायची, या फ्लेमिश पद्धतीच्या बांधणीत विटांची डोकी ठरावीक अंतराने दर्शनी येतात. त्यांतली कोणती निळी ठेवायची हे थराथराला मोजत गेले की नक्षी उमटते. म्हणजे ही नक्षी भिंतीवर काढलेली नाही. भिंत आणि नक्षी एकाच वेळी उभ्या राहिल्या आहेत. चूक झाली तर पुसता येणार नाही असे हे लेखन.

ही कला इंग्लंडहून आली. जॉन फेनविक याने १६७५ मध्ये सेलमची वसाहत स्थापली ती क्वेकर पंथीयांसाठी, आणि नक्षीदार भिंतींची बरीचशी घरे त्याच समाजातल्या सधन शेतकऱ्यांनी बांधली. जवळच्याच एल्सिनबरो भागात एबल आणि मेरी निकल्सन यांचे १७२२ सालचे घर आहे. तेही याच जातीचे. गंमत अशी की क्वेकर साधेपणाचे कट्टर पुरस्कर्ते. थडग्यावर नाव कोरणेसुद्धा त्यांना एके काळी मिरवणे वाटे. मातीखाली निनावी जायला तयार असलेली माणसे मातीच्या भिंतीवर मात्र आपली आद्याक्षरे दोन मजले उंच लिहून ठेवत होती.

हॅन्कॉक घरावरचे मधले अक्षर आडनावाचे आहे. त्याच्या एका बाजूला विल्यम आणि दुसऱ्या बाजूला सेरा, त्याची बायको. त्या ‘एस’समोर मी बराच वेळ उभी राहिले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या दारावर आजोबांच्या नावाची पितळी पाटी होती. आजीने त्या घराची जमीन साठ वर्षे सारवली. तिचे नाव कुठेच नव्हते. इथे १७३४ मध्ये एका शेतकऱ्याच्या बायकोला तिचे अक्षर मिळाले होते, आणि तेही नवऱ्याच्या अक्षराएवढ्याच उंचीचे. मला तिचा हेवा वाटला.

मग मी आत गेले.

मार्च १७७८. फिलाडेल्फियात तळ ठोकलेल्या ब्रिटिश सैन्याला वैरण आणि गुरे हवी होती, आणि ती सेलमच्या शेतांत होती. ॲलोवे खाडीवरचे पूल स्थानिक शेतकऱ्यांच्या पथकांनी रोखून धरले. १८ मार्चला क्विंटनच्या पुलापाशी चकमक झाली. त्यानंतर मेजर जॉन ग्रेव्ह्ज सिमको याची तुकडी रात्री होड्यांतून उतरली, दलदल तुडवत आली आणि २१ मार्चच्या पहाटे या घरात शिरली. झोपलेल्या माणसांना संगिनींनी भोसकले. बंदुकीचा एकही बार निघाला नाही. जखमी होऊन पुढे मेलेल्यांत घराचा मालक, न्यायाधीश विल्यम हॅन्कॉक हाही होता. भिंतीवरच्या विल्यम आणि सेराचा हा मुलगा. तो राजनिष्ठ होता, म्हणजे मारणाऱ्यांच्याच पक्षाचा. सिमकोने पुढे आपल्या युद्धाच्या रोजनिशीत याबद्दल खेद नोंदवला.

बाहेर येऊन भिंतीकडे पुन्हा पाहिले, तेव्हा ती बदललेली नव्हती. माझे वाचन बदलले होते. भिंत जे सांगते ते खरेच आहे, पण ते घर बांधणाऱ्यांनी सुखाच्या वर्षी सांगितलेले आहे. तिच्यात चव्वेचाळीस वर्षांनंतरची पहाट नाही. पुढे या घरात खाणावळ-दारूगुत्ता चालला, १९३१ मध्ये राज्याने ते ४,००० डॉलरला विकत घेतले. तेही तिच्यात नाही. आणि सेराबद्दल तरी ती किती सांगते? एक अक्षर, तेही सासरच्या आडनावाला टेकलेले. तिच्या माहेराचा त्यात मागमूसही नाही. आपण संहितेच्या मौनाबद्दल वर्गात पुष्कळ बोलतो. इथे ते मौन लेखनाइतकेच नेटके रचलेले होते, आणि मी मात्र केवळ अक्षराला भुलून हेवा करत बसले होते.

साताऱ्याचे घर २००४ साली पाडले. त्या रात्री मी धाकट्या काकांना फोन केला आणि आजीचे माहेरचे नाव विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “यमुना असावं. थांब, आत्याला विचारून सांगतो.” दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. यमुना नव्हे, गोदावरी.