गोमूच्या घोवाला

पूर्णगड

चि. सौ. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

जावईबापूंना रजा मिळाली, वैशाखात दोघं येताय, हे कळल्यापासून तुझी आई फणसाच्या साटांचा हिशेब करते आहे. मी मात्र त्या गाण्याच्या धास्तीत आहे. तुझ्या लग्नात बँडवाल्याने ते तीनदा वाजवलं. आता वाडीतली पोरं बेड्याशीच स्पीकर लावून उभी राहणार : ‘गोमू माहेरला जाते हो नाखवा, तिच्या घोवाला कोकण दाखवा’. कोकणातली मुलगी घाटावर दिली की हे गाणं आंदणातच मिळतं.

मांडवात जावईबापू मला म्हणाले होते, “बाबा, तुमच्याकडचं हे गाणं फार गोड आहे.” मी नुसती मान डोलावली. अगं, ते आमच्याकडचं कुठलं? ते त्यांच्याकडचंच! लिहिलं ग. दि. माडगूळकरांनी, आणि माडगुळं तुझ्या सासरच्याच आटपाडी तालुक्यात. पावसाची वाट बघण्यात ज्यांचं वर्ष जातं, त्या माणदेशातल्या माणसाने आमच्या निळ्या खाडीचं गाणं लिहिलं. ‘वैशाख वणवा’ हा १९६४ चा चित्रपट. चाल दत्ता डावजेकरांची. गाणारे जितेंद्र अभिषेकी मात्र गोव्याच्या मंगेशीचे, माडाच्या सावलीतले. पुढे नाट्यसंगीतात त्यांनी केवढं काम केलं! पण इथल्या बायकांना विचारशील तर ते ‘गोमूवाले’च.

माझ्या आजीने रेडिओवर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती फिसकन हसली होती. तिला गोमू ठाऊक होती ती शिमग्यातली. मिशा काढून, लुगडं नेसून संकासुराबरोबर दारोदार नाचणारा बाप्या! त्याला कसलं माहेर आणि कसला घोव? नवऱ्यासाठीचा ‘घोव’ हा शब्दही वाडीत आणि विहिरीवर चालायचा. गाण्याने तो पार पुण्यापर्यंत नेऊन पोचवला.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. कोकणी माणूस साधाभोळा, काळजात शहाळी, असं त्या कवीने लिहून ठेवलं आणि आम्ही ते बिनतक्रार मान्य केलं. बांधावरच्या एका रायवळ आंब्यापायी तुझ्या आजोबांनी आणि त्यांच्या चुलतभावाने बावीस वर्षं कोर्टाचे उंबरे झिजवले. निकाल लागेस्तोवर आंबा वठला. आमचा अस्सल फोटो पु. लं.नी ‘अंतू बर्वा’त काढलाय. पण तो भिंतीवर कोण लावणार? लॉजवाल्यांना शहाळीच बरी. पाहुण्याने केलेलं कौतुक कोण खोडून काढतो म्हणा.

तरी एका गोष्टीत अण्णा माडगूळकरांना मानलं. कोकण दाखवायचं काम त्यांनी नाखव्याला सांगितलं. आपल्या मुचकुंदीच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा गावखडीला जायचं तर तरीच्या होडीशिवाय वाट नव्हती. मी लहानपणी तरीतून येताना बघायचो : आधी किल्ल्याची काळी तटबंदी, मग किनाऱ्याची कौलं, आणि होडी वळली की एकदम खारवलेल्या मासळीचा वास. घर दिसायच्या आधी नाकाला कळायचं. आता गाडी पुलावर चढते, जावई खिडकीची काच खाली करेपर्यंत खाडी संपते.

तेव्हा असं करा. अणुस्कुऱ्याने उतरा. ओणी, राजापूर, आडिवरे, कशेळी करत गावखडीत या आणि तिथेच थांबा. गाडी ड्रायव्हर पुलावरून आणील. तुमच्यासाठी होडी सांगून ठेवली आहे. होडीवाल्याने दोनच अटी घातल्यात : भरती असताना यायचं, आणि मोबाईलवर ते गाणं लावायचं नाही. दुसरी अट माझी आहे, पण जावईबापूंना सांगू नकोस.

निघायच्या आदल्या दिवशी फोन कर. भरतीची वेळ कळवतो.

तुझा,
बाबा