ऐकणाऱ्यांचे दोन तट

डॅन कार्लिन या अमेरिकी निवेदकाने २०१३ ते २०१५ या काळात पहिल्या महायुद्धावर सहा दीर्घ भागांचे पॉडकास्ट सादर केले. बहुतेक श्रोते भारावले. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मृत्युमुखी पडले. पुस्तकातला हा आकडा ऐकताना त्यांना जिवंत माणसांचा वाटू लागला. इतरांचा आक्षेप असा, की पश्चिम आघाडीलाच झुकते माप मिळाले आणि कथेच्या ओघात चिकित्सा मागे पडली. कार्लिनही स्वतःला इतिहासकार म्हणवत नाहीत.

दोन्ही मते खरी आहेत. त्या युद्धासाठी सुमारे दहा लाख भारतीय सागरापार गेले. मेसोपोटेमियातील कूटच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. डोळे पाणावले तरी वही मिटू नये. कोणाची नोंद राहून गेली, तेही पाहावे.