समासातला शब्द

2019 साली इंग्लंडमध्ये लेस्टरमधल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत दिली. पुण्यातला आठ वर्षांचा अनुभव होता, एक्सेलची परीक्षा वेळेआधी आटोपली होती. उठताना मुलाखत घेणाऱ्या बाईंनी गोड हसून विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" सोलापूर, म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. 12 मार्चला ईमेल आली: टीममध्ये अधिक चपखल बसेल अशी व्यक्ती निवडली आहे.

नवरा म्हणाला, "सोड ना, दुसरी मिळेल." सोडलंही असतं. पण शेजारच्या पंजाबी काकूंची मुलगी मोफत कायदा सल्ला केंद्रात काम करायची. माझं रडगाणं ऐकण्याआधी तिनं कॅलेंडर काढलं. "दाव्याची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी. म्हणजे 11 जून. नंतर एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल सहसा दार उघडत नाही." आणि आधी कागद माग, म्हणाली. आपल्याबद्दल कंपनीनं जे लिहून ठेवलंय ते डेटा संरक्षण कायद्याखाली फुकट मागता येतं, महिन्याभरात द्यावं लागतं.

मुलाखतीचा तक्ता आला. तांत्रिक ज्ञान: 5 पैकी 5. संवाद: आधी 4, तो खोडून 2. खोडलेला 4 झेरॉक्समध्येही स्वच्छ दिसत होता. शेजारी समासात एकच शब्द: 'ॲक्सेंट?'

उच्चार हा शब्द काही 2010 च्या समानता कायद्यातल्या वंशाच्या व्याख्येत नाही. रंग, नागरिकत्व, वांशिक आणि राष्ट्रीय मूळ मात्र आहे, आणि माझे उच्चार काही आभाळातून पडलेले नाहीत. पण सिद्ध कसं करायचं? काकूंच्या मुलीनं 1991 चा एक निकाल सांगितला. चिनी वंशाच्या एका बाईंना पात्रता असून मुलाखतीलाच बोलावलं नव्हतं. भेदभाव करणारा कबुली क्वचितच देतो, परिस्थितीवरून अनुमान काढता येतं, असं अपील न्यायालयानं मान्य केलं होतं. आता तर संशयाला पुरेसा आधार दाखवला की खुलासा करायची जबाबदारी कंपनीवर जाते.

ट्रायब्युनलआधी 'अकॅस' या तडजोड घडवणाऱ्या संस्थेला कळवणं सक्तीचं. तिथे फी नाही; ट्रायब्युनलची फीसुद्धा सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये रद्द केलेली. तिथल्या मध्यस्थाचा फोन आला तर गृहस्थ पक्के स्कॉटिश. "पुन्हा सांगता का?" असं मलाच दोनदा म्हणावं लागलं!

चौथ्या आठवड्यात कंपनीनं तडजोडीची रक्कम देऊ केली, चूक कबूल न करता. काकूंची मुलगी म्हणाली, लढ. मला तोवर दुसरीकडे नोकरी लागली होती आणि दम संपला होता. सही केली. रक्कम कुणाला सांगायची नाही, अशी अट आहे.

तक्ता अजून फायलीत आहे. तो पाहिला की पुण्यातलं ऑफिस आठवतं. तिथे अर्ज चाळायचं काम माझ्याकडे असायचं आणि माझी नजर आधी आडनावावर जायची. 'चपखल' हा शब्द मीही वापरलाय. घटनेचं समान संधीचं 16 वं कलम सरकारी नोकरीपुरतं; आमच्या खासगी कंपनीला कोण विचारणार होतं? शिवाय खुणा मी पेन्सिलीनं करायचे. काम झालं की खोडरबरानं पुसून टाकायचे.