ब्रेंबोच्या खोऱ्यातील सहा दिवस

मिलान शहराच्या ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरांवर बर्गामो हे गाव आहे. खरे पाहता ही गावे दोन. खालचे सपाटीवरचे, कारखान्यांचे व रेल्वे स्टेशनाचे. वरचे टेकडीवरचे, दगडी तटाने वेढलेले. हा तट व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५६१ पासून बांधावयास घेतला. त्याची लांबी सहा किलोमीटरांहून अधिक असून २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारशात त्याची गणना केली. खालून वर जाण्यास १८८७ पासून दोरावर ओढली जाणारी गाडी आहे. वरच्या गावातील कांपानोने नामक मनोऱ्यावरची घंटा रोज रात्री दहा वाजता शंभर ठोके देते. पूर्वी या ठोक्यांबरोबर तटाचे दरवाजे बंद होत. आज दरवाजे बंद होत नाहीत, पण घंटा चुकलेली नाही. ते ठोके ऐकताना आम्हांस रायगडचा बंद झालेला दरवाजा आणि तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली हिरकणी यांची आठवण झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही येथे गेलो ते मात्र तट पाहावयास नव्हे. आमचा भाचा मिलानला नोकरीस असतो. त्याला मोटारसायकलींचे वेड. त्या महिन्यात बर्गामोस ‘इंटरनॅशनल सिक्स डेज एन्ड्युरो’ ही सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरावयाची होती, आणि ‘एकदा पाहा तर खरे’ असा त्याचा आग्रह. आवाज, धूळ आणि तरुणांचा उतावीळपणा यांपलीकडे या खेळात काही असेल, अशी आमची कल्पना नव्हती. जे पाहिले ते निराळेच निघाले.

स्पर्धेपूर्वी एक दिवस मोकळा होता, तो आम्ही ब्रेंबो नदीच्या खोऱ्यात घालवला. या मुलखाला चाकांशी व वेळेशी फार जुने नाते आहे. खोऱ्यात कोर्नेल्लो नावाचे एक मध्ययुगीन खेडे डोंगराच्या कडेला चिकटून उभे आहे. तेथील तास्सो घराण्याने पुढे युरोपभर टपालाची व्यवस्था बसवली. ठराविक टप्प्यावर ताजा घोडा आणि ठराविक वेळी पोहोचणारा स्वार, ही त्यांची पद्धत. १५९२-९३ मध्ये व्हेनिसचा अधिकारी अल्विझे प्रिउली याने बर्गामोपासून सान मार्कोच्या घाटापर्यंत नवा रस्ता बांधविला. तो खालून गेल्यामुळे कोर्नेल्लो बाजूस पडले, आणि बाजूस पडले म्हणूनच आजवर जसेच्या तसे टिकले! नदीकाठचे सान पेल्लेग्रिनो हे गाव खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे हीच स्पर्धा १९६८ व १९८६ या वर्षी भरली होती. मोटारींचे ब्रेक बनवणारा जगप्रसिद्ध कारखाना १९६१ साली याच भागात निघाला आणि त्याने नाव घेतले ते या नदीचेच.

आता स्पर्धेविषयी. तिचा आरंभ १९१३ साली इंग्लंडातील कार्लाइल येथे झाला. मोटारसायकल हे वाहन त्या काळी बेभरवशाचे. ते खडतर वाटांवर सहा दिवस टिकते की नाही याची परीक्षा घेणे, हा मूळ हेतू. नावात पूर्वी ‘ट्रायल’ म्हणजे परीक्षा हा शब्द होता. १९८१ पासून ‘एन्ड्युरो’ आला. सोसणे, तग धरणे हा त्याचा भाव. जंगल, ओढे, दगडांचे चढ यांतून रोज कित्येक तास जावयाचे. वाटेत ठिकठिकाणी वेळेच्या चौक्या. चौकीवर उशिरा गेल्यास दंड आणि वेळेआधी गेल्यासही दंड! शिवाय अधूनमधून काही टप्पे निव्वळ वेगाचे असतात. त्यांवर क्रम ठरतो.

तथापि आम्हांस चकित केले ते दुसऱ्याच नियमाने. रात्री सर्व गाड्या एका कुंपणात ठेवून दारावर पहारा बसवतात. तेथे इंजिन सुरू करावयाचे नाही, गाडीला पाना लावावयाचा नाही. दुरुस्तीसाठी संध्याकाळी आत नेण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि सकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटे, एवढाच अवधी. आणि ती दुरुस्ती स्वाराने स्वतः करावयाची. मदतनिसांनी तोंडाने काय ते सांगावे. गाडीला त्यांचा हात लागता कामा नये. सांगाडा, इंजिनाची पेटी, चाकांचे तुंबे यांवर आरंभीच खुणा केलेल्या असतात. त्यामुळे हे भाग गुपचूप बदलण्याची सोय नाही. पहिल्या दिवशी जे यंत्र घेऊन निघालात, त्यालाच सहा दिवस जपून परत आणावयाचे.

या नियमाचे वजन कळण्यास यंत्राची थोडी ओळख हवी. फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या दोनदा खाली व दोनदा वर जातो, तेव्हा एक काम पुरे होते: हवा व पेट्रोल आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटवणे, धूर बाहेर टाकणे. एके काळी या स्पर्धांत हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते; १९९८ च्या सुमारास नव्या धर्तीची हलकी फोर-स्ट्रोक इंजिने आली आणि पारडे फिरले. टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्याचे वंगण पेट्रोलाबरोबर जळून जाते. फोर-स्ट्रोकचे तेल जळत नाही, तेच ते पुन्हा पुन्हा फिरत राहते. अशा गाडीत ते जेमतेम लिटरभर असते, आणि इंजिन मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेऱ्या घेते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचे तेल हजारो किलोमीटर चालते, तर येथे त्याचा हिशेब तासांत ठेवतात. दहा-पंधरा तास झाले की तेल बदललेच पाहिजे. झडपांमागची फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. ती पातळ पोलादी पट्ट्या सरकवून तपासतात. फट बुजत चालली तर झडप पुरती मिटत नाही आणि इंजिन सुरू होण्यास कुरकुर करते. हवेची गाळणी फेसाळ रबराची. रोज धुतलेली, तेल लावलेली गाळणी घालावयाची, कारण चिमूटभर धूळ आत गेली तरी दट्ट्याची भिंत खरवडली जाते. त्याखेरीज साखळीचा ताण, चाकांच्या तारा, ब्रेकच्या पट्ट्या आहेतच. यांतले काहीही अवघड नाही. चुकवण्याजोगेही काही नाही.

तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ आमच्या लक्षात राहिली आहे. २००७ पासून या स्पर्धेत स्त्रियांचे स्वतंत्र संघ उतरतात; एका संघात तिघी. त्यांपैकी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी चिखलाने माखून आली. घड्याळ सुरू झाले. तिने गाडी घोडीवर चढवली, मागचे चाक काढले आणि लोखंडी पट्ट्या घालून झिजलेला टायर उचकटला. या टायरांत हवा नसते. काट्याने फुटू नये म्हणून आत भरीव फेसाळ रबराचे कडे बसवलेले असते, आणि त्यामुळे नवा टायर चढवणे अधिकच कष्टाचे. सगळा टायर बसला, चार बोटे कड मात्र आत जाईना. पट्टी दोनदा सटकली, बोटे सोलवटली. दोरीच्या अलीकडे तिची आई उभी होती. तिची भाषा आम्हांस कळत नव्हती. पण तिची रिकामी बोटे हवेतच पट्टी दाबल्यासारखी हलत होती, ते कळण्यास भाषा कशाला? लेक हातभरावर, आणि हात लावावयाचा नाही! तिसऱ्या खेपेस मुलीने गुडघा टेकून सगळे अंग पट्टीवर टाकले आणि कड आत गेली. मग चाक, साखळी, गाळणी. अर्धे मिनिट उरले असता तिने गाडी ढकलत कुंपणात नेली. तेल राहिले होते. ते तिने दुसऱ्या दिवशी सकाळच्या दहा मिनिटांत बदलले. मागे वळून आईकडे पाहिले ते त्यानंतर.

सहाव्या दिवशी ती पुरी करून आली. वर्गात पहिल्या आलेल्याच्या वेळेच्या दहा टक्क्यांच्या आत येणाऱ्यास सुवर्णपदक, पंचवीस टक्क्यांच्या आत येणाऱ्यास रौप्यपदक, आणि सहाही दिवस पुरे करणाऱ्या प्रत्येकास कांस्यपदक मिळते. तिला कांस्यपदक मिळाले. ते आईच्या गळ्यात घालताना तिच्या बोटांवरच्या पट्ट्या आम्हांस दुरूनही दिसल्या.

आमच्या घरांतून आता वाहनांस तोटा नाही. दसऱ्यास आपण त्यांस झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. खंडेनवमीस शस्त्रे व अवजारे पुजण्याची चाल आपल्यात पिढ्यान्पिढ्या आहे. पण ज्यांच्या हाती ती अवजारे असत, ते पूजेच्या आदल्या दिवशी त्यांस धार लावीत, तेल देत. पूजा त्या कामाच्या शेवटी येई. आपण शिकल्यासवरल्यांनी फूल तेवढे ठेवले आणि तेल दुसऱ्याच्या हाती सोपवले. हात काळे करणे हे आपले काम नव्हे, अशी एक समजूत आपल्या घरांत बोलल्यावाचून नांदत आली आहे. मुलींच्या बाबतीत तर विशेषच. त्या मुलीची सोललेली बोटे पाहिल्यापासून आम्हांस ती समजूत फार लहान वाटू लागली आहे.

सर्वांनी डोंगरात गाड्या पिटाळाव्या, असे आमचे म्हणणे नाही. पण येत्या दसऱ्यापूर्वी घरातील मुलामुलींनी एक संध्याकाळ गाडीजवळ बसून साखळीचा ताण पाहावा, तेलाची पट्टी पुसून पाहावी, हवेची गाळणी स्वतःच्या हातांनी काढून बसवावी. वडील माणसांनी जवळ बसून सांगावे. हात मात्र लावू नये. मग माळ घालावी.